बाबांच्या रिपोर्टमधलं १३क्यू डिलीशन आणि मायक्रोआरएनए: नेमकं हरवलंय काय?

जास्वंद

नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे आहेत, तब्येत तशी ठणठणीत, पण रुटीन सीबीसीत पांढऱ्या पेशी खूपच जास्त आल्या म्हणून पुढच्या तपासण्या केल्या आणि सीएलएल निघाला, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. सध्या औषध काही नाही, ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं आणि लक्ष ठेवायचं एवढंच सांगितलंय. फिश टेस्टच्या (क्रोमोसोमची तपासणी) रिपोर्टवर १३क्यू१४ डिलीशन असं लिहिलंय आणि डॉक्टर म्हणाले की हे त्यातल्या त्यात चांगलं.

मी कॉमर्सवाली, घरी येऊन वाचत बसले तर जिथे तिथे मायक्रोआरएनए. वाचून मला एवढंच कळलं की तेरा नंबरच्या क्रोमोसोमचा एक बारीक तुकडा गेलाय, त्यात महत्त्वाचं प्रोटीन बनवणारा म्हणावा असा जीनच नाही, तरी तो गेल्यामुळे पेशी वाढतात. मग हरवलंय काय? आणि जे कुठलं प्रोटीनच बनवत नाही ते गेल्याने कॅन्सर कसा होतो? उपचारांचा सल्ला नकोय, त्यासाठी डॉक्टर आहेत. मला फक्त समजून घ्यायचंय, कारण बाबा मला विचारतात आणि मला त्यांना काहीतरी थातुरमातुर सांगायचं नाहीये.

आडवाट

रुमाल टाकून ठेवतो. २०२४ चं मेडिसिनचं नोबेल याच मायक्रोआरएनएला मिळालं ना, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना? त्यांचं काम जंतांवर होतं एवढं आठवतंय, रक्ताच्या कॅन्सरशी त्याचा संबंध कसा लागला तेही कुणीतरी लिहा.

सूक्ष्मदर्शी

जास्वंद ताई, बाबांना नमस्कार सांगा. मी नऊ वर्षं रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर लॅबमध्ये काम केलंय, त्यातली जवळजवळ चार याच मायक्रोआरएनएवर गेली. डॉक्टर नाही, संशोधनातला माणूस आहे, त्यामुळे जे लिहितो ते पेशीबद्दल, बाबांच्या उपचारांबद्दल नाही. थोडं लांबेल, पण तुमचा प्रश्न असा आहे की दोन ओळीत उत्तर दिलं तर तो परत पडतोच.

आधी पेशीतली साधी व्यवस्था. डीएनएमध्ये मूळ मजकूर, त्यातून हवा तो भाग उतरवून घेतात तो मेसेंजर आरएनए, आणि तो वाचून प्रोटीन बनतं. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांची एक चिमुकली आरएनए चिठ्ठी. तिच्यापासून प्रोटीन बनत नाही. ती अर्गोनॉट नावाच्या प्रोटीनच्या खोबणीत जाऊन बसते आणि मग ती जोडी पेशीभर फिरत मेसेंजर आरएनए चाचपत असते. चिठ्ठीची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची जी अक्षरं आहेत ती समोरच्याच्या शेपटीकडच्या भागाशी जुळली की झालं, तो मेसेंजर आरएनए एकतर नीट वाचला जात नाही किंवा त्याचे तुकडे होतात, म्हणजे प्रोटीन कमी बनतं. कमी म्हणतोय, बंद नाही. रेडिओचा आवाज कमी करतो ना तसं, खटका बंद केल्यासारखं नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो.

जुळायला सात-आठच अक्षरं लागतात, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो मेसेंजरवर हात ठेवू शकतो. एक बिघडला की एक प्रोटीन नाही बिघडत, बऱ्याच ठिकाणचा तोल थोडा थोडा जातो.

आडवाट, नोबेलचं बरोबर आहे. १९९३ मध्ये त्या दोघांच्या लॅबनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या जंतात लिन-४ नावाचा पहिला मायक्रोआरएनए दाखवला, आणि पुढची सात वर्षं बहुतेकांना वाटत राहिलं की ही त्या जंताचीच काहीतरी खासियत असेल. २००० मध्ये रुव्हकन यांच्याच लॅबने लेट-७ दाखवला, तो माणसातही अगदी तस्साच निघाला, आणि तेव्हा कुठे सगळे खडबडून जागे झाले. कॅन्सरचं जेवून लिहितो.

पाणवठा

सुंदर सुरुवात. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सूक्ष्मदर्शी

हं, आता तुमच्या रिपोर्टवर येतो.

सीएलएलमध्ये १३क्यू१४ हा तुकडा निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये गेलेला असतो. एकच जागा इतक्या लोकांत जाते म्हणजे तिथे कॅन्सर अडवणारा जीन असणार हे उघड होतं आणि नव्वदच्या दशकात अनेक लॅब तिथे अक्षरशः खणत होत्या. जो जीन सापडायचा तो पेशंटमध्ये तपासायचा, आणि त्यात बिघाड काही निघायचा नाही. वर्षानुवर्षं हेच. मग कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाने तो हरवलेला भाग कमी करत करत साधारण ३० हजार अक्षरांच्या पट्ट्यापर्यंत आणला आणि २००२ मध्ये दाखवलं की त्या पट्ट्यात दोन मायक्रोआरएनए शेजारीशेजारी बसलेत, मिर-१५ए आणि मिर-१६-१. सगळे प्रोटीनवाला जीन शोधत होते म्हणून हे नजरेतून सुटत होते! कॅन्सर आणि मायक्रोआरएनए यांचा संबंध पहिल्यांदा दिसला तो इथे, तुमच्या बाबांच्या रिपोर्टवर लिहिलेल्या जागेवर. म्हणून मला या विषयाबद्दल एवढी आपुलकी आहे.

आता हे दोघे करत काय होते? ते २००५ मध्ये कळलं. ते बीसीएल-२ नावाच्या प्रोटीनचा आवाज खाली ठेवत होते. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत, वेळ आली की स्वतःहून मरायची सोय असते, मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या वीजघराच्या, आवरणाला भोकं पडतात आणि पुढचं सगळं घडत जातं. बीसीएल-२ त्या आवरणावर बसून भोकं पाडणाऱ्यांना धरून ठेवतं. ते प्रमाणात असलं तर ठीक, जास्त झालं तर जुनी झालेली, जायला हवी अशी पेशीसुद्धा जात नाही.

यातून एक जुनं कोडं सुटलं. फॉलिक्युलर लिम्फोमात (लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींचाच, बहुधा गाठींच्या रूपातला कॅन्सर) बीसीएल-२ जास्त असतं ते समजण्यासारखं होतं, कारण तिथे १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल होऊन बीसीएल-२ चा जीन भलत्याच जोरकस जागेशेजारी जाऊन पडतो. पण सीएलएलमध्ये अशी अदलाबदल फार क्वचित, तरी बीसीएल-२ भरपूर. का? बऱ्याच पेशंटमध्ये त्याच्यावरचा हातच निघून गेलाय म्हणून.

तर ताई, हरवलंय ते हे. एक हात, जो बीसीएल-२ ला खाली दाबून धरत होता.

जास्वंद

सूक्ष्मदर्शी दादा, शब्दच नाहीत. मी हे दोनदा वाचलं. म्हणजे पेशी वाढतात असं म्हणण्यापेक्षा पेशी मरत नाहीत असं म्हणायचं का? डॉक्टर पण काहीतरी असंच म्हणाले होते, पेशी साचतात म्हणून, मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शी

बरीच वर्षं असंच मानत होते, साचतात, वाढत नाहीत. पण ते अर्धंच खरं. २००५ मध्ये एका प्रयोगात सीएलएलच्या पेशंटना काही आठवडे जड पाणी प्यायला दिलं, म्हणजे ज्यात हायड्रोजनचा जड भाऊ असतो ते, थोड्या प्रमाणात निर्धोक असतं. नवीन जन्मलेल्या पेशीच्या डीएनएत तो जड हायड्रोजन जातो, त्यामुळे नव्या किती आणि जुन्या किती हे मोजता येतं. निघालं असं की रोज एकूण पेशींच्या ०.१ ते १ टक्क्याहून थोड्या जास्त इतक्या नव्या पेशी जन्मतात. म्हणजे वाढही चालू असते, ती मुख्यतः लिम्फ नोडच्या आत, आणि रक्तात जी गर्दी दिसते ती बहुतेक शांत बसलेल्या पेशींची.

आणि इथेही तेच दोघे. मिर-१५ आणि मिर-१६ बीसीएल-२ सोडून सायक्लिन डी१, डी३, सीडीके६ अशांनाही दाबतात, हे सगळे पेशीला विभाजनाच्या चक्रात पुढे ढकलणारे. हात निघाला की मरण लांबतं आणि चक्रही सुटतं, दोन्ही एकदम. २०१० मध्ये उंदरांतून हा तुकडा मुद्दाम काढून पाहिला तर त्यांच्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सीएलएल यांचाच असतो) जास्त वेगाने विभागायला लागल्या आणि काही उंदरांना उतारवयात सीएलएलसारखाच आजार झाला. काहींनाच, सगळ्यांना नाही, आणि तोही उशिरा. माणसातही तो उतारवयाचाच आजार आहे ना, त्याच्याशी हे किती जुळतं बघा. आणखी एक, न्यूझीलंड ब्लॅक नावाची उंदरांची एक जात आहे जिला असा आजार आपसूक होतो, तिच्यातही मिर-१६-१ च्या अगदी शेजारी एक अक्षर बदललेलं सापडलं.

शेवंती

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये फिशचं काम करते म्हणून थोडं लिहिते, ताईंना रिपोर्टमागचं चित्र दिसेल. काचेवर पेशी पसरवायच्या, त्यावर रंग लावलेला प्रोब (ठरावीक जागेलाच चिकटणारा डीएनएचा तुकडा) टाकायचा, रात्रभर झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खोलीत पूर्ण अंधार करून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली मोजायला बसायचं. आमच्याकडच्या प्रोबमध्ये १३क्यू१४ ची जागा लाल दिसते आणि त्याच क्रोमोसोमच्या टोकाची जागा हिरवी. निरोगी केंद्रकात दोन लाल दोन हिरवे ठिपके. डिलीशन असलेल्यात हिरवे दोन आणि लाल एकच. निळसर गोल केंद्रक, काळ्या पार्श्वभूमीवर, आणि त्यात तो एकटा लाल ठिपका. अशी २०० केंद्रकं मोजतो. कधी कधी लाल ठिपका एकही नसतो, म्हणजे दोन्ही प्रती गेल्या. तुमच्या रिपोर्टवर टक्का लिहिलेला असेल, तो म्हणजे मोजलेल्यांपैकी किती केंद्रकांत असं दिसलं तो.

चांगलं का म्हणतात तेही सांगते. २००० साली एका जर्मन गटाने ३२५ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात फक्त १३क्यू असलेल्यांचं आयुष्य सगळ्यात जास्त निघालं आणि १७पी गेलेल्यांचं सगळ्यात कमी, कारण १७पी वर पी५३ हा मोठा राखणदार जीन आहे. ते आकडे जुन्या औषधांच्या काळातले, आता औषधं पार बदललीत, म्हणून आकडे मुद्दाम लिहीत नाही, ताई तुम्हीही शोधत बसू नका. पण क्रम अजून तोच धरतात.

आडवाट

शेवंती, हे फार छान लिहिलंत. मला एक शंका आहे. मायक्रोआरएनए म्हणजे ब्रेक असं धरून चाललोय आपण, मग सगळ्याच रक्ताच्या कॅन्सरमध्ये मायक्रोआरएनए कमीच होतात का?

सूक्ष्मदर्शी

नाही, आणि बरं झालं विचारलंत, कारण बहुतेकांची समजूत इथेच चुकते. मायक्रोआरएनए नेहमी कुणाचातरी आवाज कमीच करतो. पण ज्याचा आवाज कमी होतोय तोच जर राखणदार असला तर?

मिर-१५५ घ्या. हा आपल्या प्रतिकारशक्तीत रोजच्या कामाचा आहे, बी पेशी जंतूला भिडल्या की वर जातो आणि काम झालं की खाली यायला हवा. तो दाबतो शिप-१ नावाच्या एन्झाइमला, जो पेशीला मिळणाऱ्या वाढीच्या सिग्नलला आवर घालतो. मिर-१५५ वरच अडकून बसला तर सिग्नल उतरतच नाही. हॉजकिन लिम्फोमा आणि मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमाच्या एका प्रकारात तो खूप चढलेला असतो. २००६ मध्ये उंदरांच्या बी पेशींत फक्त हा एक मायक्रोआरएनए वाढवला, दुसरं काही केलं नाही, आणि त्यांना ल्युकेमिया-लिम्फोमा झाला.

तसाच मिर-१७-९२ हा सहा मायक्रोआरएनएंचा जुडगा. गंमत म्हणजे हाही १३ नंबरच्याच क्रोमोसोमवर, क्यू३१ ला, पण काही लिम्फोमात हा भाग हरवण्याऐवजी त्याच्या जास्तीच्या प्रती होतात. मिक हा कुप्रसिद्ध जीन त्याला चालू करतो, आणि हा जुडगा पीटेन आणि बिम यांना दाबतो. पीटेन वाढीला आवर घालणारं, बिम म्हणजे पेशीला मरणाकडे नेणारं प्रोटीन. म्हणजे बघा, सीएलएलमध्ये मरण अडवणारा बीसीएल-२ मोकाट सुटतो आणि इथे मरण आणणारा बिम दाबला जातो, पेशीच्या दृष्टीने फळ एकच.

मिर-२१ चं काम मला सगळ्यात भिडलेलं. २०१० चं. उंदरांत मिर-२१ असा बसवला की औषधाने बंद करता येईल. चालू ठेवला तेव्हा बी पेशींचा लिम्फोमा झाला, गाठी आल्या. मग बंद केला. काही दिवसांत गाठी विरल्या. एवढा मोठा आजार एका २२ अक्षरी चिठ्ठीवर टेकून उभा होता.

ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशी अर्धवट वयातच अडकतात हा मुख्य दोष, तिथे ८ आणि २१ क्रोमोसोमच्या अदलाबदलीतून जे जोड-प्रोटीन बनतं ते मिर-२२३ ला गप्प करतं. मिर-२२३ पांढऱ्या पेशींना पिकायला मदत करणारा. तो गप्प झाला की पेशी कोवळीच राहते आणि विभागत राहते.

म्हणून नुसतं मायक्रोआरएनए वाढले किंवा कमी झाले म्हणण्याला अर्थ नसतो. कुठल्या पेशीत, कुणाला दाबतोय, हे विचारायचं.

पाणवठा

मग साधा प्रश्न. जो हरवलाय तो मायक्रोआरएनए लॅबमध्ये बनवून टोचला तर? २२ अक्षरं तर बनवायची.

सूक्ष्मदर्शी

बनवणं खरंच सोपं, पोचवणं महाकठीण.

मी स्वतः केलंय, डिशमध्ये. ज्या ल्युकेमियाच्या पेशींत मिर-१५-१६ जवळपास नाहीतच अशा पेशी घ्यायच्या, विजेचा क्षणभर झटका देऊन त्यांच्या आवरणाला तात्पुरती भोकं पाडायची, बनवलेला मिर-१६ आत सोडायचा. ४८ तासांनी फ्लास्क उचलून उजेडाकडे धरला तेव्हा न दिलेल्या फ्लास्कमधलं पाणी दाट धुरकट होतं, दिलेल्यात निम्म्यानेच गढूळ. मायक्रोस्कोपखाली पेशी गोल चकचकीत राहिल्या नव्हत्या, आक्रसून त्यांना फोड आल्यासारखे दिसत होते, त्या मरणाची ती खूणच. तो दिवस मी विसरणार नाही. पण पेशंटला विजेचा झटका देऊन पेशीत भोकं पाडता येत नाहीत! उघडा आरएनए रक्तात गेला की मिनिटांत त्याचे तुकडे होतात, चरबीच्या थेंबात गुंडाळून दिला तर बहुतेक सगळा लिव्हरमध्ये जाऊन बसतो.

माणसांवर झालंय. पी५३ च्या हाताखाली काम करणारा मिर-३४ए, त्याची बनवलेली प्रत एमआरएक्स३४ नावाने २०१३ मध्ये कॅन्सर पेशंटमध्ये पहिल्यांदा दिली, पण प्रतिकारशक्तीच्या गंभीर रिॲक्शन आल्या, त्यात मृत्यूही झाले, आणि २०१६ मध्ये ट्रायल थांबवली. उलट दिशेनेही झालं, मिर-१५५ ला अडवणारं कोबोमार्सेन त्वचेच्या टी पेशींच्या लिम्फोमात तपासलं, ती ट्रायल २०२० मध्ये अर्ध्यावर थांबली, सुरक्षिततेच्या कारणाने नव्हे, कंपनीच्या व्यावहारिक कारणाने. पेशंटच्या बाजूने बघितलं तर हे मला आजही लागतं.

पण निराश होऊ नका, कारण दुसरी वाट निघाली. हात परत बसवता येत नाही ना, मग तो हात ज्याला दाबत होता त्यालाच सरळ धरा. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी नेमकी बीसीएल-२ च्या खाचेत जाऊन बसते, तिला २०१६ मध्ये अमेरिकेत सीएलएलसाठी मंजुरी मिळाली. पेशी इतक्या भराभर मरतात की डोस अगदी थोड्यापासून आठवड्या-आठवड्याने चढवावा लागतो. ती मायक्रोआरएनएच्या संशोधनातूनच निघाली असं नाही म्हणणार, बीसीएल-२ वर १९८८ पासून वेगळं मोठं काम झालेलं आहे, पण सीएलएलच्या पेशी बीसीएल-२ वर एवढ्या का विसंबून असतात याचं एक मोठं उत्तर १३क्यू१४ ला मिळालं.

काजवा

आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की मायक्रोआरएनएची रक्ताची टेस्ट केली की ल्युकेमिया आधीच कळतो. खरंय का? करून घ्यावी का घरातल्या सगळ्यांची?

शेवंती

काजवा, नका करू. हे रक्तात मोकळे फिरणारे मायक्रोआरएनए सापडतात हे खरं, २००८ मध्ये मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमाच्या पेशंटच्या सीरममध्ये मिर-२१, १५५ आणि २१० वाढलेले दाखवले होते. पण सापडणं वेगळं आणि एकट्यादुकट्या माणसाला त्यावरून निदान सांगणं वेगळं.

माझाच अनुभव सांगते. एका अभ्यासासाठी आलेल्या नमुन्यांत काहींचे मिर-१६ आणि मिर-४५१ भयंकर चढलेले आले, सगळे खूश, काहीतरी सापडलं म्हणून. मी जुन्या ट्यूब बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ओळीत ठेवल्या. चढलेल्यांचा प्लाझ्मा पिवळसर नव्हता, गुलाबी झाक होती. रक्त काढताना किंवा आणताना लाल पेशी फुटल्या होत्या, आणि हे दोन्ही मायक्रोआरएनए लाल पेशींत खच्चून भरलेले असतात. आजाराचा काही संबंध नव्हता. तीन महिन्यांचं काम बाजूला ठेवलं. सुई नीट लागली नाही एवढ्यानेसुद्धा जी टेस्ट बदलते तिच्यावर घरातल्यांची झोप घालवू नका. साधी सीबीसी बघा, बाबांचं निदान तिनेच झालंय ना.

जास्वंद

काल रात्री बाबांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ते इलेक्ट्रिकलचे, मध्ये मध्ये थांबवून परत वाचायला लावत होते. शेवटी रिपोर्ट मागितला, शेवंतींनी सांगितलेला टक्का स्वतः शोधला, आणि त्यांचा एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दात लिहिते. "क्रोमोसोम दोन असतात, माझा तुकडा एकातलाच गेलाय, मग दुसऱ्यावरचा मिर-१६ काम का करत नाही? स्टँडबाय असतोच ना?"

सूक्ष्मदर्शी

काकांना सांगा, हा प्रश्न आमच्या लॅबच्या मीटिंगमध्ये विचारला असता तर सगळे गप्प बसले असते.

तो काम करतोच. पण सुरुवातीला म्हटलं होतं ना, ही खटक्याची नाही, आवाज कमीजास्त करण्याची व्यवस्था आहे. एक प्रत गेली की मिर-१५-१६ चं प्रमाण घटतं, आणि बीसीएल-२ वर किती दाब राहील हे त्या प्रमाणावरच ठरतं. निम्मा दाब म्हणजे शून्य दाब नव्हे, पण ज्या पेशीला वर्षानुवर्षं जगायचंय तिला तेवढी सूट पुरते. शिवाय काही पेशंटमध्ये उरलेली प्रत जागेवर असूनही गप्प केलेली सापडते, डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्या घट्ट आवळून, त्यामुळे ती वाचलीच जात नाही. लॅबमध्ये हे आवळणं सैल करणारी औषधं घातली तर काही पेशंटच्या पेशींत मिर-१५ए आणि मिर-१६ परत दिसायला लागले आणि त्या पेशी मेल्या. डिशमधली गोष्ट आहे, उपचार नाही, पण स्टँडबाय जळालेला नसून नुसता बंद करून ठेवलेला असू शकतो, हे काकांना नक्की सांगा.

जास्वंद

सांगितलं. म्हणाले, "म्हणजे वायरिंग शाबूत आहे." पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटला रिपोर्टची कॉपी आणि हा धागा, दोन्हीची प्रिंट ते स्वतः घेऊन जाणार आहेत.